मोठ्या पूर्ण संख्येचे गुणधर्म कसे काढावेत : क्रम, पडताळे आणि नेहमी होणाऱ्या चुका

आठ-नऊ अंकी संख्या देऊन ‘हिचे एकूण विभाजक किती’, ‘ही पूर्ण वर्ग आहे का’, ‘ही दोन वर्गांच्या बेरजेने मिळते का’ असे प्रश्न विचारले, की बहुतेक विद्यार्थी प्रत्येक प्रश्नासाठी ती संख्या नव्याने हाताळू लागतात. विभाजकांसाठी एक यादी सुरू होते, वर्गासाठी वर्गमुळाचा लांबलचक भागाकार मांडला जातो आणि तिसऱ्या प्रश्नात वर्गांची वजाबाकी करून पाहण्यात अर्धे पान जाते. वास्तविक ही सर्व उत्तरे एकाच कामातून निघतात. ते काम म्हणजे संख्येचे मूळ अवयव पूर्णपणे पाडणे, आणि चुकाही जवळजवळ सगळ्या तिथेच होतात. म्हणून या लेखाचा मोठा भाग अवयव पाडण्यावर आहे. पुढची सूत्रे त्या मानाने लहान आहेत.

पुण्यात शिष्यवृत्ती, प्रज्ञाशोध किंवा ऑलिंपियाडची तयारी करणारे विद्यार्थी आणि त्यांना घरी मदत करणारे पालक डोळ्यांसमोर ठेवून ही पद्धत लिहिली आहे. ऑलिंपियाडच्या प्रादेशिक परीक्षेत गणकयंत्र चालत नाही, म्हणून सर्व टप्पे कागदावरचे आहेत. संगणकाचा भाग शेवटी स्वतंत्र दिला आहे. उदाहरणासाठी सर्वत्र एकच संख्या घेतली आहे : ६,३२,७३,६७२, म्हणजे सहा कोटी बत्तीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे बहात्तर.

## तयारी

अप्पा बळवंत चौकात कोणत्याही दुकानात मिळणारी चौकटींची गणिताची वही घ्यावी आणि एका चौकटीत एकच अंक लिहावा. कोऱ्या कागदावर भागाकार तिरके होत जातात आणि दशकाचा अंक शतकाखाली येतो. ही चूक गणिताच्या ज्ञानाची नसते, पण उत्तर मात्र तिच्यामुळेच जाते.

वहीच्या पहिल्या पानावर ११३ पर्यंतच्या ३० मूळ संख्या लिहून ठेवाव्यात : २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७, ५३, ५९, ६१, ६७, ७१, ७३, ७९, ८३, ८९, ९७, १०१, १०३, १०७, १०९, ११३. यांच्यानंतरची मूळ संख्या १२७ आहे आणि तिचा वर्ग १६,१२९ येतो. त्यामुळे १६,१२९ पेक्षा लहान असलेली कोणतीही संख्या मूळ आहे की संयुक्त, याचा निर्णय एवढ्या यादीवर निश्चितपणे करता येतो. तिच्याखाली १२० पर्यंतचे वर्ग लिहावेत. चटकन उत्तर देणाऱ्या क्लृप्त्या पाठ करण्यापेक्षा ही दोन कोष्टके पाठ असणे अधिक उपयोगी आहे, असे माझे ठाम मत आहे.

सावधान : ५१, ५७, ८७ आणि ९१ या मूळ संख्या नाहीत. त्या अनुक्रमे ३ × १७, ३ × १९, ३ × २९ आणि ७ × १३ आहेत. यांच्यापैकी एखादीने भागून पाहिले तर थोडा वेळ जाईल, एवढेच. परंतु अंतिम उत्तरात ९१ ही मूळ अवयव म्हणून राहिली, तर विभाजकांची संख्या, त्यांची बेरीज आणि पुढचे सगळेच चुकते.

## टप्पा १ : संख्या उतरवून घेणे आणि तिच्या दोन खुणा नोंदवणे

संख्या उतरवल्यावर तिच्या शेजारी दोन बाक्या लिहाव्यात. पहिली ९ ने भागल्यावर उरणारी. त्यासाठी अंकांची बेरीज करावी : ६ + ३ + २ + ७ + ३ + ६ + ७ + २ = ३६, म्हणून बाकी ०. दुसरी ११ ने भागल्यावर उरणारी. त्यासाठी एकक स्थानापासून सुरुवात करून अंक एकाआड एक मिळवावेत आणि वजा करावेत : २ − ७ + ६ − ३ + ७ − २ + ३ − ६ = ०, म्हणून याही वेळी बाकी ०.

दोन खुणा घेण्याचे कारण असे, की ९ ची बाकी अंकांची अदलाबदल पकडू शकत नाही. त्र्याहत्तर हजारांच्या जागी सदतीस हजार लिहिले गेले, तरी अंकांची बेरीज ३६ च राहते. ११ ची बेरीज मात्र लगेच बदलते : २ − ७ + ६ − ७ + ३ − २ + ३ − ६ = −८. शेजारच्या दोन वेगळ्या अंकांची अदलाबदल ११ च्या खुणेतून कधीही निसटत नाही.

सावधान : ११ ची बेरीज डावीकडून सुरू केली, तर अंकांची संख्या सम असताना चिन्ह उलटे येते. भाग जातो की नाही एवढेच पाहायचे असेल तर त्याने बिघडत नाही, पण बाकी काढताना बिघडते. म्हणून नेहमी एककापासूनच सुरुवात करावी.

## टप्पा २ : गटांच्या कसोट्या

२, ३, ५ यांच्या कसोट्या सर्वांना येतात, त्यामुळे त्यांवर फार थांबत नाही. एवढेच पाहावे, की २ चा घातांकही याच वेळी ठरवता येतो. शेवटचे तीन अंक ६७२ आहेत आणि ६७२ = ८ × ८४, म्हणून संख्येला ८ ने भाग जातो. शेवटचे चार अंक ३६७२ आहेत आणि त्यांना १६ ने भाग जात नाही. म्हणजे २ चा घातांक नेमका ३ आहे. एकक स्थानी २ असल्यामुळे ५ चा प्रश्न उरत नाही.

७, ११ आणि १३ या तिन्हींसाठी एकच कसोटी पुरते, कारण ७ × ११ × १३ = १००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडावेत आणि ते आलटून पालटून मिळवावेत व वजा करावेत. आपल्या संख्येचे गट ६३ | २७३ | ६७२ असे होतात, आणि ६७२ − २७३ + ६३ = ४६२. आता ४६२ = २ × ३ × ७ × ११, म्हणून मूळच्या संख्येला ७ ने आणि ११ ने भाग जातो; १३ ने जात नाही.

या कसोटीतील सर्वांत जास्त आढळणारी चूक आपल्या स्वल्पविरामांमुळे होते. आपण ६,३२,७३,६७२ असे लिहितो. हजारांनंतर दोन-दोन अंकांचे गट पडतात, आणि विद्यार्थी तेच गट उचलून ६७२ − ७३ + ३२ − ६ असे करतात. त्यातून येणाऱ्या ६२५ चा या कसोटीशी काहीही संबंध नाही. कसोटी लावण्यापूर्वी संख्या स्वल्पविरामाशिवाय पुन्हा लिहावी आणि मगच उजवीकडून तीन-तीन अंकांवर उभ्या रेघा माराव्यात.

तेच गट नुसते मिळवले, तर २७ आणि ३७ यांचा निकाल लागतो, कारण २७ × ३७ = ९९९. येथे ६३ + २७३ + ६७२ = १००८, आणि १ + ००८ = ९. म्हणजे २७ ने भागल्यावर बाकी ९ उरते, ३७ ने भागल्यावरही ९ उरते. यावरून ३ चा घातांक नेमका २ आहे, हेही कळले.

दोन-दोन अंकांचे गट केले, तर आणखी एक दार उघडते. ६३ | २७ | ३६ | ७२ हे गट आलटून पालटून घेतले की ७२ − ३६ + २७ − ६३ = ० येते. १०० ला १०१ ने भागल्यावर बाकी −१ मानता येते, म्हणून ही १०१ ची कसोटी आहे आणि तिच्यानुसार आपल्या संख्येला १०१ ने भाग जातो. वर्गात ही कसोटी क्वचितच शिकवली जाते. तिला लागणारा वेळ अर्ध्या मिनिटाचाही नाही.

सावधान : अंकांची बेरीज २७ च्या पटीत आली म्हणून संख्येला २७ ने भाग जातो, असे नाही. १८९९ च्या अंकांची बेरीज २७ आहे, पण १८९९ = ९ × २११. त्याचप्रमाणे १००१ ची कसोटी ७ बद्दल सांगते, ४९ बद्दल सांगत नाही. १०५० घेतली तर ५० − १ = ४९ येते, तरी १०५० ला ४९ ने भाग जात नाही. एकाच अवयवाचा दुसरा घात हवा असेल, तर पहिला भागाकार करून आलेल्या भागाकारावर कसोटी पुन्हा लावावी.

## टप्पा ३ : भागाकारांची उतरंड

आता प्रत्यक्ष भागाकार करायचे. लहान मूळ संख्येपासून सुरुवात करावी आणि तिने भाग जाणे थांबेपर्यंत पुढच्या संख्येकडे जाऊ नये.

६,३२,७३,६७२ ÷ २ = ३,१६,३६,८३६
३,१६,३६,८३६ ÷ २ = १,५८,१८,४१८
१,५८,१८,४१८ ÷ २ = ७९,०९,२०९
७९,०९,२०९ ÷ ३ = २६,३६,४०३
२६,३६,४०३ ÷ ३ = ८,७८,८०१
८,७८,८०१ ÷ ७ = १,२५,५४३
१,२५,५४३ ÷ ११ = ११,४१३

७ ने भागल्यावर आलेल्या १,२५,५४३ वर तीन अंकांची कसोटी पुन्हा लावावी : ५४३ − १२५ = ४१८. यास ७ ने भाग जात नाही, ११ ने जातो. शेवटच्या ११,४१३ वरही लावावी : ४१३ − ११ = ४०२, ज्याला ७, ११, १३ यांपैकी कोणानेही भाग जात नाही.

१०१ चा भागाकार टप्पा २ मुळे आधीच माहीत आहे, तरी तो येथे मुद्दाम केलेला नाही. १०१ ची कसोटी माहीत नसलेल्या वाचकाने ११,४१३ पाशी येऊन काय करायचे, हे पुढच्या टप्प्यात पाहायचे आहे. चुकांची सर्वांत मोठी गर्दी याच ठिकाणी असते.

पडताळा : प्रत्येक भागाकारानंतर आलेल्या संख्येची ९ ची बाकी काढावी. उदाहरणार्थ १,२५,५४३ ची अंकबेरीज २०, म्हणजे बाकी २; ७ × २ = १४, म्हणजे बाकी ५; आणि ८,७८,८०१ ची अंकबेरीज ३२, म्हणजे बाकी ५. जुळले.

## टप्पा ४ : उरलेली संख्या मूळ आहे का?

११,४१३ समोर आल्यावर विद्यार्थी १३, १७, १९, २३ यांनी भागून पाहतात, भाग जात नाही, मग २९ आणि ३१ यांनी पाहतात, आणि तिथे कंटाळून ‘ही मूळ संख्या आहे’ असे लिहून मोकळे होतात. कोठपर्यंत पाहायचे याला नियम आहे : उरलेल्या संख्येच्या वर्गमुळापर्यंत. १०६ चा वर्ग ११,२३६ आणि १०७ चा वर्ग ११,४४९, म्हणून १०६ पर्यंतच्या सर्व मूळ संख्या पाहिल्याशिवाय निर्णय देता येत नाही.

याच नियमाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. वर्गमूळ उरलेल्या संख्येचे घ्यायचे, सुरुवातीच्या संख्येचे नाही. ६,३२,७३,६७२ चे वर्गमूळ ७९५४ आणि ७९५५ यांच्या दरम्यान आहे आणि तिथपर्यंत हजाराहून अधिक मूळ संख्या येतात. ११,४१३ साठी मात्र २७ मूळ संख्या पुरतात आणि त्यांतील पहिल्या सहांचा निकाल आधीच लागलेला आहे. काहीजण पहिल्या पानावर काढलेली मर्यादा शेवटपर्यंत बदलत नाहीत आणि परीक्षेचा वेळ संपवून बसतात.

१७ पासून भागत गेल्यास ९७ पर्यंत कोठेही निःशेष भाग जात नाही : १७ ला बाकी ६, १९ ला १३, २३ ला ५, अशा बाक्या उरत जातात. ९७ ला बाकी ६४ उरते. त्यानंतर १०१ ने भाग जातो आणि भागाकार ११३ येतो. कंटाळा अगदी शेवटच्या पायरीच्या अलीकडे येतो.

यासाठी एक पर्यायी वाट आहे. उरलेली संख्या विषम असेल, तर तिच्या लगतच्या मोठ्या वर्गातून ती वजा करून पाहावी. ११,४४९ − ११,४१३ = ३६, आणि ३६ हा ६ चा वर्ग आहे. म्हणून ११,४१३ = (१०७ − ६) × (१०७ + ६) = १०१ × ११३. एका वजाबाकीत काम झाले. पहिल्या वजाबाकीत वर्ग मिळाला नाही तर १०८, १०९ असे पुढे जावे.

सावधान : ही वाट दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तेव्हाच लवकर संपते. दहा वजाबाक्यांत वर्ग मिळाला नाही, तर ती सोडून भागाकारांकडे परतावे. सदाशिव पेठेचा पिनकोड ४,११,०३० घ्या. त्यातून २, ३, ३ आणि ५ काढल्यावर ४,५६७ उरते. वजाबाकीच्या वाटेने गेल्यास ६८ च्या वर्गापासून सुरू करून २,२८४ च्या वर्गापर्यंत जावे लागेल. भागाकाराने मात्र ६७ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की ४,५६७ मूळ असल्याचे सिद्ध होते. ११,४१३ आणि ४,५६७ या दोन्ही संख्या दिसायला सारख्याच अभेद्य वाटतात. पाहून ठरवण्याचा काहीही उपयोग नसतो.

## टप्पा ५ : उलट गुणाकार

आता उत्तर एका ओळीत लिहावे :

६,३२,७३,६७२ = २ × २ × २ × ३ × ३ × ७ × ११ × १०१ × ११३

हे लिहून लगेच पुढे जाऊ नये. ७२ × ७ = ५०४; ५०४ × ११ = ५,५४४; ५,५४४ × १०१ = ५,५९,९४४; ५,५९,९४४ × ११३ = ६,३२,७३,६७२. गुणाकार जुळला म्हणजे भागाकार बरोबर आहेत. मात्र सर्व अवयव मूळ आहेत, हे गुणाकाराने सिद्ध होत नाही. ११,४१३ तसेच ठेवून गुणाकार केला तरीही तो जुळलाच असता. म्हणून प्रत्येक मोठ्या अवयवापुढे तो कोठपर्यंत तपासला, ते लिहावे : १०१ आणि ११३ या दोन्हींसाठी २, ३, ५, ७ एवढेच पुरेसे आहे.

## टप्पा ६ : विभाजकांची संख्या आणि बेरीज

घातांक ३, २, १, १, १, १ असे आहेत. प्रत्येकात १ मिळवून गुणाकार करावा : ४ × ३ × २ × २ × २ × २ = १९२. एवढे विभाजक आहेत, आणि त्यांत १ व स्वतः ती संख्या दोन्ही धरलेल्या आहेत. प्रश्नात ‘१ आणि ती संख्या वगळून’ असे म्हटले असेल तर १९० लिहावे. हे शब्द वाचायचे राहून गेल्याने गुण जातात. विषम विभाजक हवे असतील तर २ चा घातांक सोडून द्यावा, म्हणजे ३ × १६ = ४८ मिळतात. उरलेले १४४ सम.

यादीच मागितली असेल, तर विभाजक चढत्या क्रमाने आठवत बसू नये. ७२ चे १२ विभाजक आडवे आणि ८,७८,८०१ चे १६ विभाजक उभे मांडून कोष्टक भरावे; १२ × १६ = १९२ घरे भरली की एकही विभाजक सुटत नाही.

बेरजेसाठी प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांची बेरीज स्वतंत्र करायची आणि मग त्या बेरजांचा गुणाकार करायचा. २ साठी १ + २ + ४ + ८ = १५. ३ साठी १ + ३ + ९ = १३. पुढे ८, १२, १०२ आणि ११४. गुणाकार २१,७६,७६,१६० येतो. यातून आपली ६,३२,७३,६७२ वजा केली तरी १५,४४,०२,४८८ उरतात, म्हणजे स्वतःला सोडून उरलेल्या विभाजकांची बेरीज संख्येपेक्षा मोठी आहे. अशा संख्येला विपुल संख्या म्हणतात.

सावधान : २ साठी १ + ८ = ९ आणि ३ साठी १ + ९ = १० घेणे ही नेहमीची चूक आहे. मधले घात सोडायचे नाहीत.

## टप्पा ७ : वर्ग, घन आणि किमान गुणक

पूर्ण वर्गात एकक स्थानी २, ३, ७ किंवा ८ येत नाही, त्यामुळे ही संख्या पूर्ण वर्ग नाही, हे पाहताक्षणी कळते. परीक्षेत मात्र बहुधा पुढचा प्रश्न असतो : हिला कोणत्या लहानात लहान संख्येने गुणले असता पूर्ण वर्ग मिळेल? विषम घातांक असलेल्या प्रत्येक मूळ संख्येचा एकेक अवयव कमी पडतो. म्हणून गुणक २ × ७ × ११ × १०१ × ११३ = १७,५७,६०२, आणि मिळणारा वर्ग १,०५,४५,६१२ चा. हाच १७,५७,६०२ दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर आहे : लहानात लहान कोणत्या संख्येने भागले असता पूर्ण वर्ग मिळेल? तो वर्ग ३६ आहे. घनासाठी २ चा घातांक ३ असल्याने तेथे काही कमी पडत नाही; ३ चा एक आणि ७, ११, १०१, ११३ यांचे प्रत्येकी दोन अवयव लागतात. गुणक ३ × (८,७८,८०१ चा वर्ग) एवढा मोठा येतो आणि तो याच रूपात ठेवलेला चालतो.

## टप्पा ८ : संख्येशी सहमूळ असणाऱ्या संख्या

१ पासून ६,३२,७३,६७२ पर्यंत किती संख्यांचा या संख्येशी मसावि १ आहे? प्रत्येक मूळ अवयवाच्या घातामधून त्याच्या लगतचा खालचा घात वजा करावा : ८ − ४ = ४, ९ − ३ = ६, आणि मग ६, १०, १००, ११२. गुणाकार १,६१,२८,००० येतो.

८ साठी १ आणि ९ साठी २ घेणारे, म्हणजे घातांक विसरून फक्त मूळ संख्येतून १ वजा करणारे, १३,४४,००० लिहितात. ते बरोबर बारावा भाग असते.

## टप्पा ९ : दोन वर्गांची बेरीज

४ ने भागल्यावर बाकी ३ उरणाऱ्या मूळ संख्या शोधाव्यात. त्यांपैकी प्रत्येकीचा घातांक सम असेल, तरच संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात लिहिता येते. आपल्याकडे अशा तीन आहेत : ३, ७ आणि ११. ३ चा घातांक २ आहे, त्यामुळे ती अडवत नाही. ७ आणि ११ यांचे घातांक १ आहेत, आणि एकटी ७ सुद्धा नकारासाठी पुरेशी आहे. उत्तर : लिहिता येत नाही.

येथे चुकणारे विद्यार्थी मूळ अवयवांकडे न पाहता संपूर्ण संख्येला ४ ने भागतात, बाकी ३ आली नाही की ‘लिहिता येते’ असे ठरवतात. ७७ ला ४ ने भागल्यावर बाकी १ उरते. तरीही ७७ मधून १, ४, ९, १६, २५, ३६ वजा केल्यास अनुक्रमे ७६, ७३, ६८, ६१, ५२, ४१ उरतात आणि त्यांत एकही वर्ग नाही. पूर्ण संख्येची बाकी ३ आली तर नकार पक्का असतो. न आली तर काहीही सिद्ध होत नाही.

जिथे लिहिता येते, तिथे रूप कसे काढायचे तेही पाहावे. ११,४१३ चे दोन्ही अवयव ४ ने भागल्यावर बाकी १ देणारे आहेत. १०१ = १०० + १, म्हणजे १० आणि १ यांचे वर्ग; ११३ = ६४ + ४९, म्हणजे ८ आणि ७ यांचे वर्ग. ब्रह्मगुप्ताच्या नित्य समानतेने (दोन वर्गांच्या बेरजांचा गुणाकारही दोन वर्गांची बेरीज असतो, हे दाखवणाऱ्या सूत्राने) हे जोडले की दोन रूपे मिळतात. १० × ८ + १ × ७ = ८७ आणि १० × ७ − १ × ८ = ६२ हे पहिले; १० × ८ − १ × ७ = ७३ आणि १० × ७ + १ × ८ = ७८ हे दुसरे. तपासून पाहा : ७,५६९ + ३,८४४ = ११,४१३ आणि ५,३२९ + ६,०८४ = ११,४१३. चिन्हे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी उलटायची असतात. एकाच ठिकाणी उलटली तर बेरीज जुळत नाही.

तीन वर्गांचा निकष वेगळा आहे. ४ ने भाग जाईल तोवर भागावे आणि उरलेल्याला ८ ने भागल्यावर बाकी ७ येते का, ते पाहावे. १,५८,१८,४१८ ला ८ ने भागल्यावर बाकी २ येते, म्हणून तीन वर्गांच्या बेरजेने ही संख्या मिळते.

## टप्पा १० : अंकांवर अवलंबून असलेले गुणधर्म

आतापर्यंतचे गुणधर्म संख्येचे होते; ती दशमान पद्धतीत लिहिली काय किंवा द्विमान पद्धतीत, ते बदलत नाहीत. काही गुणधर्म मात्र लिहिण्याच्या पद्धतीतून येतात, आणि उत्तरपत्रिकेत ते वेगळ्या शीर्षकाखाली लिहावेत. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या आणि देवळालीत शिक्षक असलेल्या द. रा. कापरेकरांनी अशा अनेक प्रकारांना नावे दिली. त्यांपैकी दोन येथे पाहू.

आपल्या अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो ती हर्षद संख्या. अंकबेरीज ३६ आहे, संख्येत ४ आणि ९ हे दोन्ही अवयव आहेत, म्हणून ही हर्षद संख्या आहे. येथे ३६ साठी ४ आणि ९ तपासावेत. ६ आणि ६, किंवा ३ आणि १२ तपासून चालत नाही, कारण ते सहमूळ नाहीत.

एखाद्या संख्येत तिचीच अंकबेरीज मिळवून जी मिळत नाही ती स्वयंभू संख्या. आपली संख्या स्वयंभू आहे का, हे पाहण्यासाठी मागे कितीतरी संख्या तपासाव्या लागतील असे वाटते. प्रत्यक्षात आठच लागतात. संख्येला ९ ने भाग जातो, त्यामुळे जनक संख्येलाही (म्हणजे जिच्यात तिची अंकबेरीज मिळवून आपली संख्या येईल तिलाही) ९ ने भाग गेला पाहिजे, आणि आठ अंकी संख्येची अंकबेरीज ७२ च्या वर जात नाही. म्हणून ९, १८, २७ असे वजा करत जावे. ३६ वजा केल्यावर ६,३२,७३,६३६ येते आणि तिची अंकबेरीज बरोबर ३६ आहे. जनक सापडला, म्हणजे संख्या स्वयंभू नाही.

## टप्पा ११ : संगणकावर पडताळा घेताना

एक्सेल १५ सार्थ अंकांपर्यंतच संख्या अचूक ठेवते. सोळा अंकी संख्या टाकली की शेवटचा अंक शून्य होतो, आणि त्याची सूचनाही मिळत नाही. त्यामुळे बँक कार्डाइतक्या लांबीची संख्या एक्सेलमध्ये तपासली, तर अवयव भलत्याच संख्येचे निघतात.

पायथन या संगणकभाषेत पूर्ण संख्या कितीही मोठी चालते, परंतु भागाकारासाठी एकेरी तिरपी रेघ वापरली तर उत्तर दशांश रूपात जाते आणि ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या पुढे सर्व पूर्णांक अचूक राहतीलच असे नाही. दुहेरी रेघ (//) भागाकारासाठी आणि % बाकीसाठी वापरावे. वर्गमूळ काढतानाही ०.५ घातांक घेऊ नये. पायथनच्या गणिताच्या विभागात (math) पूर्णांक वर्गमुळासाठी isqrt हे वेगळे फलन आहे, ते घ्यावे.

संकेतस्थळावरील एखादे साधन ‘बहुधा मूळ’ असे उत्तर देते, तेव्हा तो शब्द गंभीरपणे घ्यावा. २ च्या ३४० व्या घाताला ३४१ ने भागल्यावर बाकी १ येते, जशी ३४१ मूळ असती तर आली असती; तरी ३४१ = ११ × ३१.

## सरावासाठी दोन संख्या

डेक्कन जिमखान्याचा पिनकोड ४,११,००४ आणि वर आलेला सदाशिव पेठेचा ४,११,०३० या दोन्ही संख्यांवर टप्पा १ पासून सर्व काम करावे. पहिल्या संख्येत २ × २ × ११ काढल्यावर ९,३४१ उरते. ती मूळ आहे, पण तसे लिहिण्यापूर्वी ८९ पर्यंतच्या मूळ संख्या तपासलेल्या असाव्यात. तिचे विभाजक १२, त्यांची बेरीज ७,८४,७२८ आणि सहमूळ संख्या १,८६,८०० यायला हव्यात. दुसरीचे विभाजक २४, बेरीज १०,६८,९१२ आणि सहमूळ संख्या १,०९,५८४. दोहोंपैकी एकच हर्षद आहे. दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात दोन्ही लिहिता येत नाहीत. पहिलीला ११ अडवते, दुसरीला ४,५६७.